घंटा वाजते, आवाज पोहोचत नाही

एके काळी पुण्याच्या कचेरीला आपल्या नागपूरच्या शाखेशी बोलावयाचे असल्यास ट्रंक कॉल नोंदवून टेलिफोनशेजारी ताटकळत बसण्याचा शिरस्ता असे. १९६० साली कानपूर व लखनौ यांच्या दरम्यान एसटीडी, म्हणजे परगावचा नंबर थेट फिरवण्याची सोय, सुरू झाली आणि ही प्रतीक्षा ओसरू लागली. पुढे ज्या संस्थांची ऐपत होती त्यांनी दोन शहरांमधील एक लाइन भाड्याने घेऊन आपले दोन ईपीएबीएक्स, म्हणजे कचेरीतील अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंज, परस्परांस जोडले, आणि ती लाइन, कोणी बोलत असो वा नसो, अहोरात्र त्यांच्याच दिमतीला राही. आज हेच काम इंटरनेटवरून होते. परंतु इंटरनेटची वाट सार्वजनिक आहे, आणि तिच्या शर्ती समजून घेतल्यावाचून ही जोडणी करू नये.

आवाजाचे आकडे करण्याच्या जी.७११ या जुन्या व अद्याप सर्वत्र मान्य असलेल्या पद्धतीत दर सेकंदाला ८,००० वेळा आवाजाचे माप घेऊन प्रत्येक माप ८ बिटांत नोंदले जाते. सामान्यतः २० मिलिसेकंदांच्या नोंदी, म्हणजे १६० बाइट, एका पाकिटात भरतात, आणि पत्ता, अनुक्रम व वेळ लिहिण्यासाठी आणखी ४० बाइट खर्ची पडतात. आपण नुसते ‘नमस्कार’ म्हणेपर्यंत अशा पंचवीस-तीस पाकिटांची रवानगी झालेली असते. ती समान अंतराने निघतात खरी, पण पोहोचताना काही घोळक्याने येतात, काही रेंगाळतात, काही गहाळ होतात. म्हणून पलीकडचे यंत्र आलेले पाकीट तत्काळ न फोडता क्षणभर जमवून ठेवते, अनुक्रमे लावते आणि मगच संथ गतीने ऐकवते. हा विलंब हेतुपुरस्सर पत्करलेला असतो, आणि या साऱ्या रचनेत मला हाच भाग सर्वांत सुंदर वाटतो. मात्र त्याला मर्यादा आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका दिशेचा एकूण विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा. तो फार वाढला की दोघेही एकदम बोलू लागतात आणि दोघेही एकदम थांबतात.

नवख्या माणसाला सर्वाधिक छळणारा दोष निराळाच. नागपूरला घंटा वाजते, रिसीव्हर उचलला जातो, पुण्याचे बोलणे तिकडे स्वच्छ ऐकू येते, आणि पुण्याच्या कानी मात्र काहीच पडत नाही! कारण असे, की कॉल जुळवणारा एसआयपी आणि आवाज वाहणारा आरटीपी यांचे कारभार स्वतंत्र आहेत. एसआयपीच्या निरोपाचे उत्तर आल्या वाटेने परतते, म्हणून घंटा वाजते. पण आवाज कोठे पाठवावा तो पत्ता निरोपाच्या आत लिहिलेला असतो, आणि राउटरच्या आड बसलेला पुण्याचा ईपीएबीएक्स तेथे १९२.१६८ ने आरंभ होणारा आपला घरगुती पत्ता लिहून मोकळा होतो. वाड्यातील बिऱ्हाडकरूने पेठ आणि वाड्याचे नाव गाळून पत्रावर केवळ ‘खोली नंबर पाच’ लिहावे, तसेच हे झाले. पाच नंबरची खोली तर वाड्यावाड्यात असते. म्हणून निरोपात राउटरचा बाहेरील पत्ता लिहिण्याची तजवीज करून आवाजाची पोर्टे मोकळी करावीत, किंवा दोन्ही कार्यालये व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटमधूनच काढलेल्या खाजगी वाटेने, जोडून एकाच वाड्यात आणावीत. माझा कौल व्हीपीएनला आहे, कारण त्यात संभाषणाची गुप्तताही राहते. फक्त दोन्हीकडचे अंतर्गत पत्ते आणि एक्स्टेन्शनचे क्रमांक एकमेकांशी जुळता कामा नयेत.

उघड्या राहिलेल्या एसआयपीच्या ५०६० या पोर्टावर सतत टकटक चालू असते, आणि दुबळा पासवर्ड सापडला की परकी माणसे रातोरात आपल्या खर्चाने परदेशी फोन करतात. म्हणून दुसऱ्या कार्यालयाचा पत्ता सोडून इतरांस मज्जाव करावा.

आणखी एक विनंती. तांब्याच्या जुन्या लाइनला एक्स्चेंजकडूनच ४८ व्होल्टचा पुरवठा मिळे, त्यामुळे वीज गेली तरी साधा टेलिफोन चालू राही; राउटर आणि ईपीएबीएक्स यांना तो आधार नाही. त्यांना यूपीएस द्या, त्याच्या बॅटऱ्या वेळच्या वेळी तपासा, आणि इंटरनेट तुटल्यावर ज्या क्रमांकावर बोलावयाचे तो दोन्ही कार्यालयांच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहून ठेवा.