एकच थंडी, पण सर्व रानांना सारखी नाही



७ नोव्हेंबर २०१९ रोजी काश्मीर खोऱ्यात हंगामाआधीच मोठा बर्फ पडला. सफरचंदाची पाने अजून गळायची होती. त्या पानांवर बर्फाचे ओझे साचले आणि भरल्या बागांच्या फांद्या कडाकडा मोडल्या. तोच बर्फ जानेवारीत, झाडे उघडी झाल्यावर पडता तर एवढी हानी झाली नसती. म्हणजे थंडी किती पडली याबरोबरच पीक त्या वेळी कोणत्या अवस्थेत होते, हेही पाहावे लागते.

आपल्याकडे बर्फ पडत नाही. पण हिमालयात बर्फ पडून गेला की उत्तरेचे कोरडे, गार वारे खाली उतरतात. त्यांचा पहिला तडाखा खानदेश आणि नाशिककडे बसतो. निफाडला कडाक्याच्या थंडीत पारा ५ अंशांच्याही खाली जातो. कोल्हापूर-सांगलीकडे येईपर्यंत ती धार बोथट होते. म्हणून कोल्हापूरच्या पाहुण्यांनी लावण केली म्हणून आपणही केली, असे गोदाकाठी करून चालत नाही.

एका शिवारातही फरक असतो. गार हवा जड असते. रात्री ती उतारावरून नाल्याकाठच्या खोलगट रानात साचते. माळावरचे रान त्या मानाने उबदार राहते.

आता ही थंडी उसाला काय करते ते पाहू. पक्व उसाला ती मानवते. रात्री गारवा आणि दिवसा कोरडे ऊन असले की वाढ थांबते, साखर भरते व उतारा वाढतो. नव्या लावणीचे मात्र उलटे आहे. डोळा चांगला फुटण्यास साधारण २६ ते ३२ अंश ऊब लागते. २० च्या खाली उगवण रेंगाळते. खोडव्याची फूटही तशीच अडते. उत्तर प्रदेशात ऐन थंडीत तुटलेल्या उसाचा खोडवा नीट फुटत नाही, हा तिकडच्या शेतकऱ्यांचा जुना अनुभव आहे.

येथे आमची एक चूक कबूल करतो. मागे एका हंगामात आम्ही सर्व गटांना एकच सूचना धाडली, "डिसेंबरअखेर लावण उरका." माळावर उगवण बरी झाली. नाल्याकाठी कांड्या तशाच पडून कुजल्या, आणि काही सभासदांना दुबार बेणे घालावे लागले. खर्च त्यांचा झाला, सल्ला मात्र आमचा होता. म्हणून आता रान पाहूनच सांगतो :

१. खोलगट, गार रानात सुरू लावणीची घाई नको. थंडी ओसरू द्यावी. जानेवारीचा उत्तरार्ध किंवा फेब्रुवारीचा आरंभ बरा.

२. बेणे १० ते ११ महिन्यांचे, रसरशीत घ्यावे. खोडव्याचे बेणे वापरू नये.

३. थंडीत तुटलेल्या उसाचा खोडवा ठेवायचा असल्यास बुडखे जमिनीलगत छाटावेत. पाचट जाळू नये. बुडख्यांवरून ओढून सरीत दाबावे, म्हणजे बुडख्यांना ऊन लागते. नांग्या भरण्यासाठी रोपे आधीच तयार ठेवावीत.

४. कडाक्याच्या रात्री विहिरीचे हलके पाणी द्यावे. ते बाहेरच्या हवेपेक्षा उबदार असते, आणि ओली जमीन ऊब धरून ठेवते. रान तुंबू मात्र देऊ नये.

५. एकाच सभासदाचे दोन प्लॉट असतील व एकाचाच खोडवा ठेवायचा असेल, तर तोडणीपूर्वी गट ऑफिसला सांगावे. शक्य तेथे खोडव्याचा प्लॉट थंडी सरल्यावर तोडण्याचे पाहता येईल. टोळी फडात उतरल्यावर सांगून उपयोग नाही.

आपले रान गार की उबदार, हे आमच्या कागदापेक्षा पहाटे दारे धरणाऱ्याला जास्त ठाऊक असते. चिटबॉय नोंदीला येईल तेव्हा तेवढे त्याला जरूर सांगा. आम्ही तसे लिहून घेऊ.

– ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते