बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याची उन्हाळी सुट्टी आणि इन्सुलिन

परीक्षा संपल्या की 'सुट्टीत काय करणार?' हा प्रश्न घरोघरी निघतो. कुणी मामाच्या गावी जातो, कुणी टायपिंगचा किंवा संगणकाचा वर्ग लावतो. १९२१ सालच्या उन्हाळ्यात कॅनडातील टोरांटो विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याने सुट्टी प्रयोगशाळेत घालवली. आज मधुमेहाचे जे लाखो रुग्ण इन्सुलिनवर जगत आहेत, त्यांच्यावर त्या सुट्टीचे उपकार आहेत.

त्याचे नाव चार्ल्स बेस्ट. वय २२. शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायन या विषयांची पदवी परीक्षा त्याने नुकतीच दिली होती. त्याच सुमारास फ्रेडरिक बँटिंग नावाचे एक तरुण शल्यचिकित्सक आपली एक कल्पना घेऊन प्राध्यापक मॅक्लिऑड यांच्याकडे आले होते. स्वादुपिंडात रक्तातील साखर आटोक्यात ठेवणारा एक रस तयार होतो, तो वेगळा काढता येईल, असे त्यांना वाटत होते. प्राध्यापकांना फारशी खात्री नव्हती. तरी त्यांनी जागा दिली, दहा कुत्री दिली आणि मदतीला एक विद्यार्थी देऊ केला. बेस्ट आणि त्याचा मित्र क्लार्क नोबल यांनी सुट्टी निम्मी निम्मी वाटून घ्यायचे ठरवले. आधी कोणी जायचे यासाठी नाणे उडवले. कौल बेस्टच्या बाजूने पडला. पुढे त्याचा हात बसल्यामुळे नोबलची पाळी आलीच नाही.

१७ मे रोजी काम सुरू झाले. बेस्टकडे काम होते रक्तातील व लघवीतील साखर मोजण्याचे. ऐकायला सोपे, पण त्या काळी आजच्यासारखे यंत्र नव्हते. प्रत्येक तपासणी हाताने, रसायने मोजून करावी लागे. उकाडा भयंकर. पहिल्या काही आठवड्यांत बरीच कुत्री दगावली. एकदा काचेची भांडी अस्वच्छ आणि आकडे अर्धवट पाहून बँटिंग बेस्टवर चांगलेच भडकले, आणि त्या पोराने रात्रभर जागून सारी भांडी घासून लख्ख केली, अशी हकिकत सांगितली जाते. यात हसण्यासारखे काही नाही. नळीला मागचे रसायन चिकटलेले असेल तर आकडा चुकतो आणि आकडा चुकला की औषध लागू पडले की नाही हेच कळत नाही. संशोधनाचा पहिला धडा बहुधा मोरीपाशीच मिळतो!

३० जुलैला स्वादुपिंडाचा अर्क मधुमेही कुत्र्याला टोचला. तासाभरात त्याच्या रक्तातील साखर २०० वरून १२० वर आली. मात्र पहिल्या यशाने काम संपले नाही. ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला अर्क दिला, तेव्हा फायदा थोडा झाला आणि टोचल्या जागी गळू मात्र झाले. मग जेम्स कॉलिप या रसायनतज्ज्ञाने अर्क अधिक शुद्ध केला. २३ जानेवारीला तो दिल्यावर मुलाची साखर ५२० वरून १२० वर उतरली. त्याआधी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवण्यापलीकडे उपचार नव्हता आणि तो मृत्यू थोडा पुढे ढकलण्यापुरताच होता. लेनर्ड पुढे तेरा वर्षे जगला.

१९२३ चे नोबेल पारितोषिक बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना मिळाले. बेस्टचे नाव त्यात नव्हते. बँटिंग यांनी आपल्या रकमेतील निम्मा वाटा त्याला दिला. इन्सुलिनच्या पेटंटचे हक्क तर विद्यापीठाला नाममात्र एका डॉलरला देण्यात आले.

ही गोष्ट आज सांगण्याचे कारण असे. शंभर वर्षांनंतरही दवाखान्यात पालक विचारतात, "डॉक्टर, इन्सुलिनची सवय लागेल ना? मुलीचे लग्न व्हायचे आहे, गोळीवर नाही का भागणार?" लहान वयातील मधुमेहात शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. अशा मुलाला इन्सुलिन हे अन्नासारखे आहे. अन्नाची सवय लागली म्हणून आपण जेवण बंद करतो का? कुणाच्या सांगण्यावरून इंजेक्शन सोडून जडीबुटीवर राहिलेले मूल काही दिवसांत बेशुद्ध होऊ शकते.

म्हणून एवढे लक्षात ठेवा :

मुलाला सारखी तहान लागणे, वारंवार लघवी, खाऊनही वजन उतरणे, थांबलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होणे, अशी लक्षणे दिसताच त्याच दिवशी रक्तातील साखर तपासा. सोबत उलट्या, पोटदुखी किंवा धाप असेल तर थेट रुग्णालय गाठा.

आजारपणात मूल जेवत नाही म्हणून इन्सुलिन परस्पर बंद करू नका. डॉक्टरांना विचारून मात्रा ठरवा.

४० युनिटच्या बाटलीला लाल टोपणाची, तर १०० युनिटच्या बाटलीला नारिंगी टोपणाची सिरिंज लागते. अदलाबदल झाली तर मात्रा चुकते.

बाटली फ्रिजमध्ये ठेवा, पण बर्फाच्या कप्प्यात नको. फ्रिज नसेल तर मातीच्या मडक्याच्या गारव्यात, पाणी लागणार नाही अशी ठेवा.

घाम, थरथर, एकदम भूक ही साखर उतरल्याची खूण. लगेच तीन चमचे साखर द्या. बेशुद्ध रुग्णाच्या तोंडात मात्र काही घालू नका.

आणि साखरेचे आकडे तारीखवार वहीत लिहा. बेस्टने तो उन्हाळा हेच केले. मधुमेही मुलाच्या घरी हे काम आई-वडिलांनी आणि थोडे मोठे झाल्यावर त्या मुलाने स्वतः करायचे आहे. पुढच्या वेळी दवाखान्यात येताना ती वही विसरू नका.