बक्षीस आणि वेतन : नाशिक रोडवरील एका प्रथेचा अर्थविचार

ठरलेल्या मोलाहून अधिक काही सेवकाच्या हातावर ठेवण्याची चाल जुनी आहे आणि तिच्या निरनिराळ्या छटा दर्शविणारे शब्द मराठीत पूर्वापार रूढ आहेत. श्रमाचा ठरलेला मोबदला ती मजुरी. संतोषाने दिलेले ते बक्षीस. दिवाळीच्या निमित्ताने मागितली जाते ती पोस्त. आणि काम अडवून उकळली जाते ती चिरीमिरी. बोलताना हे भेद स्पष्ट असतात. व्यवहारात मात्र ते एकमेकांत मिसळून जातात. हे मिश्रण कसे व का होते, हे नाशिक रोड स्थानकावर नित्य घडणाऱ्या दोन व्यवहारांवरून ध्यानी येते.

पहिला व्यवहार हमालाचा. दंडावर क्रमांकाचा बिल्ला बांधलेला परवानाधारक हमाल रेल्वेच्या आवारात काम करतो. परंतु तो रेल्वेचा पगारी नोकर नव्हे. २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात त्याला ‘सहायक’ असे नवे नाव मिळाले, तरी त्यामुळे त्याला वेतन सुरू झाले नाही. ओझ्याचा दर रेल्वे ठरविते आणि तो प्रवासी देतो. तेव्हा हमालाला दिलेली ठरीव रक्कम ही शुद्ध मजुरी होय. त्यावर कोणी चार पैसे अधिक दिले तर तेवढेच बक्षीस. येथे देणारा व घेणारा समोरासमोर असतात आणि कोणाचे देणे कोणते, याविषयी संदेह राहत नाही.

दुसरा व्यवहार त्याच फलाटावर थांबणाऱ्या राजधानी एक्सप्रेसमधला. मुंबईहून नाशिक रोडमार्गे दिल्लीस जाणारी ही गाडी २०१९ च्या जानेवारीत सुरू झाली. प्रवाशाने भोजनाचा पर्याय स्वीकारला असल्यास त्याचे मूल्य तिकिटातच घेतले जाते. तरीही प्रवास संपत आला की राजधानी गाड्यांतून बडीशेप-खडीसाखरेची ताटली फिरते आणि तीत नोटा पडू लागतात. जेवण वाढणाऱ्या या कामगाराची स्थिती हमालाहून वेगळी आहे. प्रवासी पैसे रेल्वेस देतो. खानपानाची व्यवस्था १९९९ साली स्थापन झालेल्या आय.आर.सी.टी.सी. या महामंडळाकडे आहे. महामंडळ ते काम ठेकेदारांकडून करवून घेते. आणि कामगारास वेतन मिळते ते ठेकेदाराकडून. पैसे देणारा आणि ताट वाढणारा यांच्यामध्ये अशा पायऱ्या असल्याने, भरलेल्या मूल्यातील किती भाग त्या हातांपर्यंत पोहोचला, हे प्रवाशास कळण्याचा मार्ग नसतो. ताटलीत नोट पडते ती बव्हंशी या अज्ञानापोटी, आणि काही अंशी शेजारच्या प्रवाशाच्या नजरेमुळेही.

रेल्वे प्रशासनाने २०१९ साली ‘बक्षीस देऊ नका, बिल न मिळाल्यास जेवण मोफत’ अशा आशयाची सूचना गाड्यांतून लावण्याचे ठरविले. यातील बिलाचा भाग ग्राहकाच्या हिताचाच आहे. बक्षिसाविषयीचा भाग मात्र प्रवाशास उद्देशून आहे. कामगाराच्या वेतनासंबंधी तो काहीच बोलत नाही.

कायद्याच्या दृष्टीने हा प्रश्न अधिक गंभीर ठरतो. आय.टी.सी. कंपनीच्या हॉटेलांसंबंधीच्या प्राप्तिकराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली असा निर्णय दिला की, ग्राहकाने दिलेले बक्षीस मालकाच्या हातून वाटले गेले तरी ते ‘वेतन’ ठरत नाही. कारण त्याचा उगम मालकात नसून ग्राहकात आहे, आणि मालकाकडून ते मागण्याचा हक्क कामगारास नाही. त्या खटल्यातील वाद करकपातीचा होता. पण त्यामागील तत्त्वाचा अर्थ व्यापक आहे. जे वेतन नाही, त्याच्यावर आजारपणात, म्हातारपणी वा नोकरी सुटल्यावर विसंबता येत नाही.

याच प्रश्नाचे अधिक ठळक रूप सागरी पर्यटनाच्या जहाजांवर दिसते. अनेक क्रूझ कंपन्या प्रत्येक प्रवाशामागे दररोज एक ठरावीक रक्कम बक्षीस म्हणून बिलातच लावतात; खोलीत न्याहारी आणून देणाऱ्यास वेगळे काही द्यावे काय, हा प्रश्न तरीही उरतोच. नाव बक्षिसाचे, पण स्वरूप आकारणीचे, असा हा प्रकार आहे. अमेरिकेत तर कायद्यानेच ही सरमिसळ मान्य केली आहे. बक्षीस मिळविणाऱ्या कामगारास मालकाने द्यावयाचे संघीय किमान वेतन १९९१ पासून ताशी २.१३ डॉलर आहे; ७.२५ डॉलरच्या सर्वसाधारण किमान वेतनापर्यंतची तूट बक्षिसाने भरून निघावी अशी अपेक्षा आहे आणि ती न भरल्यास तेवढीच मालकाने द्यावयाची आहे. म्हणजे ग्राहकाच्या औदार्याचा पहिला लाभ कामगारास नव्हे, तर मालकास होतो. ब्रिटनने २०२३ साली कायदा करून बक्षिसाची सर्व रक्कम कामगारांनाच मिळावी असे बंधन घातले. ऑक्टोबर २०२४ पासून ते अमलात आले.

भारतात उपाहारगृहांच्या सेवाशुल्काविषयी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ साली मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने ती २०२५ साली उचलून धरली. सेवाशुल्क सक्तीने लावता येणार नाही, हा त्यांचा सारांश. ग्राहकाचे स्वातंत्र्य यामुळे सुरक्षित झाले. परंतु कामगाराचे वेतन हा प्रश्न त्यांच्या कक्षेबाहेरच राहिला.

सारांश, बक्षीस द्यावे की न द्यावे, हा प्रश्न शिष्टाचाराचा म्हणून मांडला जातो. वस्तुतः तो वेतनाचे दायित्व कोणाचे, हा आहे. ज्याला पुरेसे वेतन नियमित मिळते, त्याला दिलेले बक्षीस हे खरोखरी संतोषाचे चिन्ह असते. ज्याला ते मिळत नाही, त्याला दिलेले बक्षीस ही दुसऱ्याच्या देण्याची फेड असते. ताटलीवर बंदी घालण्यापूर्वी ठेकेदाराच्या वेतनपत्रकाची तपासणी झाली, तर बंदीची गरजच कदाचित उरणार नाही.