पेशीची आवक-जावक आणि मीठ-साखरेचे पाणी

लहान मुलाला जुलाब लागले की घरातील वडीलधाऱ्यांचा पहिला हुकूम सुटतो, "त्याला पाणी देऊ नका, ढाळ वाढतील." ही समजूत लेकराच्या जिवावर बेतू शकते. म्हणून आतड्यात नेमके काय घडते ते माता-भगिनींनी समजून घेतले पाहिजे.

आपले शरीर असंख्य पेशींचे बनले आहे. प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचे पातळ आवरण असते. कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर नोंद झाल्याशिवाय कागद हलत नाही, तसेच इथे. मीठ किंवा साखर आवरणातून आपोआप आरपार जात नाही. त्यांच्यासाठी प्रथिनांची ठरावीक दारे असतात. पाण्याचा कायदा वेगळा. ज्या बाजूला मीठ-साखर जास्त, तिकडे पाणी ओढले जाते. कैरीच्या फोडींना मीठ चोळले की पाणी सुटते ते यामुळेच.

कॉलऱ्याचे विष आतड्यातील पेशींचे क्षाराचे एक दार उघडेच ठेवते. क्षार बाहेर वाहतात, पाठोपाठ पाणी. मग नुसते पाणी प्यायले तरी ते पुरेसे अंगी लागत नाही. पण दुसरे एक दार शाबूत असते. त्याची अट मोठी गमतीची आहे : मिठातील सोडियम आणि ग्लुकोज, दोघांनी जोडीनेच यायचे! ग्लुकोजच्या एका कणाबरोबर सोडियमचे दोन. पेशीच्या मागच्या बाजूला असलेला पंप हे सोडियम रक्ताकडे ढकलतो आणि पाणी त्यामागून शरीरात शिरते. ही जोडगोळी रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने १९६० साली प्राग येथे मांडली.

तिचा कस लागला १९७१ साली. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलरा पसरला होता, सलाईनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपे भरली, आणि पाजण्याचे काम रुग्णांच्या नातेवाईकांनीच केले. आधी मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसपर्यंत होते, ते चारच्या खाली आले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. उशीरच झाला म्हणायचा.

आजही अनेकांना सुई टोचून बाटली लावल्याशिवाय औषध घेतल्यासारखे वाटत नाही. शेकडो रुपये त्यात जातात. ओआरएसची पुडी सरकारी दवाखान्यात आणि आशाताईंकडे फुकट मिळते. पुडी नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. जास्त गोड करू नये, साखर जादा झाली की पाणी उलट आतड्यात ओढले जाते. बाटलीतील गोड थंड पेये यासाठीच नकोत. मीठ घातलेली तांदळाची पेज मात्र चालते. तिच्यातील पिष्टाचे हळूहळू ग्लुकोजच होते.

घोट-घोट, वारंवार पाजावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करावे. अंगावरचे दूध बंद करू नये. केलेले पाणी चोवीस तासांनंतर फेकून द्यावे. मूल सुस्त पडले, डोळे खोल गेले, लघवी होईना, शौचात रक्त दिसले किंवा घोटही घेईना, तर मात्र घरी न थांबता तडक दवाखाना गाठावा, आणि वाटेतही, पीत असेल तर, पाजत राहावे.