सांध्यातील उपास्थीची अल्पछेदी दुरुस्ती

सांध्यात एकमेकांसमोर येणाऱ्या हाडांच्या टोकांवर गुळगुळीत, निळसर पांढऱ्या व लवचिक ऊतकाचे (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहाचे) आच्छादन असते. त्यास सांध्याची उपास्थी अथवा कूर्चा म्हणतात. अपघात, खेळातील इजा किंवा हाडाच्या पृष्ठभागालगतचे विकार यांमुळे या आच्छादनाचा एखादा भाग निखळून तेथे खड्डा पडतो. संपूर्ण सांधा न उघडता, त्वचेला लहान छेद देऊन व संधिदर्शकाच्या (सांध्याच्या आत पाहण्याच्या दुर्बिणीच्या) साहाय्याने हा खड्डा भरून काढण्याच्या पद्धतींचे वर्णन प्रस्तुत नोंदीत केले आहे. या पद्धतींचा सर्वाधिक अनुभव गुडघ्याच्या बाबतीत असल्याने विवेचनही मुख्यतः गुडघ्याविषयीच आहे.

व्यवहारात ‘गुडघ्यातील गादी झिजली’ किंवा ‘वंगण संपले’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. यांपैकी ‘गादी’ हा शब्द हाडांवरील उपास्थीसाठी आणि दोन हाडांमध्ये असणाऱ्या अर्धचंद्राकृती चकत्यांसाठी असा दोन्ही अर्थांनी वापरला जातो. या दोन्ही गोष्टी रचनेने व उपचारांच्या दृष्टीने भिन्न असून येथे केवळ पहिलीचाच विचार केला आहे.

रचना व भरून येण्याची मर्यादा : गुडघ्यातील उपास्थीची जाडी सामान्यतः २ ते ४ मिमी. असते, वाटीच्या मागील बाजूस ती याहूनही अधिक आढळते. तिच्या वजनाचा सु. ६५ ते ८० टक्के भाग पाणी असते. कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंचे जाळे आणि त्यात अडकलेले, पाणी धरून ठेवणारे शर्करायुक्त प्रथिनांचे मोठे रेणू यांमुळे भार पडताच ती दबते व भार निघताच पूर्ववत होते. उपास्थिकोशिका मात्र अगदी विरळ असून एकूण आकारमानाचा काही थोडे टक्के भागच त्या व्यापतात. या ऊतकात रक्तवाहिन्या नसतात, लसीकावाहिन्या नसतात आणि तंत्रिकाही (मज्जातंतूही) नसतात. सांध्यातील द्रवातून झिरपणाऱ्या पोषकद्रव्यांवर त्याचे भागते आणि ही झिरप सांध्याच्या हालचालीवर अवलंबून असते.

पुढील सर्व अडचणींचे मूळ या रचनेत आहे. त्वचा कापली असता रक्त साकळते, त्या गाठीत दुरुस्ती करणाऱ्या कोशिका येतात व जखम भरते. उपास्थीत रक्तच पोहोचत नसल्याने यांपैकी काहीही घडत नाही. शिवाय तंत्रिका नसल्याने उपास्थीला झालेली इजा स्वतः दुखत नाही. खालचे हाड उघडे पडल्यावर किंवा सांध्याच्या आतील अस्तर सुजल्यावरच वेदना सुरू होते आणि रुग्ण वैद्याकडे उशिरा येतो. लंडनमधील शरीररचनाविज्ञ विल्यम हंटर यांनी १७४३ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात, उपास्थी एकदा नष्ट झाली म्हणजे ती पुन्हा भरून येत नाही, असा निष्कर्ष नोंदविला होता. पावणेतीन शतकांनंतरही तो मुळातून खोडून काढता आलेला नाही.

इजा उपास्थीतून आरपार जाऊन खालच्या हाडापर्यंत पोहोचली, तर चित्र थोडे बदलते. हाडाच्या मगजातून रक्त व अपक्व कोशिका वर येतात, गाठ बनते आणि काही महिन्यांत खड्डा नव्या ऊतकाने भरतो. परंतु हे ऊतक मूळच्या काचेसारख्या नितळ (काचाभ) उपास्थीचे नसून तंतुमय उपास्थीचे असते. वण आणि मूळ त्वचा यांत जो फरक असतो, तसाच फरक येथे असतो. तंतुमय उपास्थी भार सोसण्यास कमी समर्थ असते व काही वर्षांत झिजू लागते. खड्डा भरला की नाही, यापेक्षा तो कशाने भरला, हा प्रश्न म्हणूनच अधिक महत्त्वाचा ठरतो.

संधिदर्शक : जपानमधील केंजी ताकागी यांनी १९१८ मध्ये मूत्राशय तपासण्याची नळी मृतदेहाच्या गुडघ्यात घालून आतील भाग पाहिला. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी या उपकरणात मोठ्या सुधारणा केल्या आणि १९५७ मध्ये गुडघ्याच्या अंतर्भागाचा चित्रसंग्रह प्रसिद्ध केला. आज प्रचलित असलेली दुर्बीण सु. ४ मिमी. व्यासाची असते. साधारण १ सेंमी.हून लहान अशा दोन-तीन छेदांतून दुर्बीण व हत्यारे आत घालतात आणि लवणद्रावाने सांधा फुगवून पडद्यावरील प्रतिमेच्या आधारे काम करतात. रुग्णालयातील मुक्काम कमी होतो, जंतुसंसर्गाचा धोका घटतो व गुडघा आखडण्याचा संभव कमी असतो. मात्र छेद लहान असल्याने उपास्थीचा स्वभाव बदलत नाही, हे रुग्णाने ध्यानी घेणे इष्ट असते.

मगज-उद्दीपन : ब्रिस्टल येथील केनेथ प्रायडी यांनी १९५९ मध्ये उघड्या पडलेल्या हाडाला गिरमिटाने भोके पाडून मगजातील रक्त वर आणण्याची पद्धत वर्णन केली. अमेरिकेतील रिचर्ड स्टेडमन यांनी १९८० नंतरच्या दशकात तिला दुर्बिणीतून करण्याजोगे रूप दिले. खड्ड्याच्या सैल कडा खरवडून उभ्या व भक्कम केल्या जातात. नंतर टोकदार आरीने हाडात ३ ते ४ मिमी. अंतराने बारीक छिद्रे पाडतात. पाण्याचा दाब कमी करताच छिद्रांतून रक्त व चरबीचे थेंब येताना दिसतात. छिद्रांची खोली पुरेशी झाल्याची ती खूण होय. यास सूक्ष्मभंग पद्धती म्हणता येईल. ती एका बैठकीत होते, स्वस्त पडते व विशेष साधने लागत नाहीत. लहान खड्डे असलेल्या तरुण रुग्णांना तिचा चांगला गुण येतो. तथापि तयार होणारे ऊतक प्रामुख्याने तंतुमय असल्याने काही वर्षांनी हा गुण ओसरताना आढळतो.

खिळे बसविणे : हंगेरीतील लास्लो हांगोडी यांनी १९९२ पासून रूढ केलेल्या पद्धतीत, मांडीच्या हाडाच्या कमी भार पडणाऱ्या कडेवरून हाडासह उपास्थीचे लहान दंडगोल काढून ते खड्ड्यात शेजारी शेजारी ठोकून बसवितात. फरशीच्या तुकड्यांनी जमीन भरावी तसा हा प्रकार दिसतो. येथे खरी काचाभ उपास्थी मिळते, हा मोठा लाभ. परंतु एका जागेची उणीव दुसऱ्या जागेच्या ठेवीतून भागवावी लागत असल्याने मोठ्या खड्ड्यांसाठी ही पद्धत उपयोगी पडत नाही.

कोशिकांचे रोपण : स्वीडनमधील गॉथेनबर्ग येथे मॅट्स ब्रिटबर्ग, लार्स पीटरसन व त्यांचे सहकारी यांनी १९८७ मध्ये प्रथम रुग्णाच्याच उपास्थिकोशिका प्रयोगशाळेत वाढवून गुडघ्यात सोडल्या. पहिल्या टप्प्यात दुर्बिणीतून उपास्थीचा कण काढतात. काही आठवड्यांत कोशिकांची संख्या वाढवितात. दुसऱ्या टप्प्यात त्या खड्ड्यात बसवितात. त्यांनी १९९४ मध्ये २३ रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मांडीच्या हाडावरील १६ खड्ड्यांपैकी १४ मध्ये चांगला अथवा उत्तम परिणाम आढळला. वाटीच्या ७ रुग्णांपैकी मात्र केवळ दोघांनाच असा लाभ झाला. प्रारंभी दुसऱ्या टप्प्यात गुडघा उघडावाच लागे. पुढे कोशिका कोलॅजनच्या पातळ पडद्यावर पेरून तो पडदा चिकटविण्याची सुधारणा झाली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने असा पडदा २०१६ मध्ये व तो दुर्बिणीतून बसविण्याची रीत २०२४ मध्ये मान्य केली. भारतात मुंबईतील एका उद्योगसंस्थेने तयार केलेल्या अशा कोशिकांना २०१७ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली.

ही पद्धत दिमाखदार असली, तरी तुलनात्मक चाचण्यांनी तिच्याविषयीचा उत्साह बराच आवरला आहे. नॉर्वेत ८० रुग्णांवर झालेल्या चाचणीत कोशिकारोपण व सूक्ष्मभंग यांची तुलना केली असता दोन, पाच व सु. पंधरा वर्षांनंतरही महत्त्वाचा फरक आढळला नाही. याउलट ३ चौ. सेंमी. वा त्याहून मोठ्या खड्ड्यांच्या एका चाचणीत (२०१४) पडद्यावरील कोशिकांचा परिणाम दोन वर्षांअखेर सूक्ष्मभंगापेक्षा सरस ठरला. खड्डा मोठा असेल, तर दुप्पट खटाटोप सार्थ ठरण्याचा संभव अधिक, असे यावरून दिसते.

झिजेचा विकार व गैरसमज : वरील सर्व पद्धती निरोगी उपास्थीने वेढलेल्या मर्यादित खड्ड्यासाठी आहेत. उतारवयात संपूर्ण सांध्याची जी झीज होते, तिच्यात कडाच भक्कम नसल्याने भरण टिकत नाही. तरीही ‘दुर्बिणीतून गुडघा साफ करणे’ हा उपचार अशा रुग्णांवर अनेक वर्षे सर्रास होत होता. अमेरिकेतील ह्यूस्टन येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयात ब्रूस मोस्ली व सहकाऱ्यांनी याची कसोशीने परीक्षा घेतली. एकूण १८० रुग्णांचे तीन गट केले : एकाचा सांधा खरवडला, दुसऱ्याचा केवळ धुतला आणि तिसऱ्याच्या त्वचेवर फक्त छेद दिले. तिसऱ्या गटाला शंका येऊ नये म्हणून पाणी उडविण्याचा आवाजही केला गेला. दोन वर्षांअखेर वेदना व हालचाल यांबाबत तिन्ही गट सारखेच ठरले (२००२). रुग्णांना बरे वाटत होते, हे खरे. पण ते केवळ छेद दिलेल्यांनाही तितकेच वाटत होते. कॅनडातील २००८ च्या चाचणीने या निष्कर्षाला पुष्टी दिली आणि २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ञगटाने झिजलेल्या गुडघ्यावर दुर्बिणीची शस्त्रक्रिया करू नये, अशी ठाम शिफारस केली.

अंतःक्षेपणे : शस्त्रक्रियेहूनही कमी त्रासाचा मार्ग म्हणून सुईने सांध्यात द्रव्ये टोचण्याचा प्रघात वाढला आहे. रुग्णाच्या रक्तातून वेगळा केलेला बिंबाणुयुक्त द्रव त्यांपैकी एक होय. ऑस्ट्रेलियातील २८८ रुग्णांच्या चाचणीत (२०२१) एका वर्षानंतर तो साध्या लवणद्रावाहून सरस ठरला नाही. मूलकोशिकांची जाहिरात याहून मोठी आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीत त्या एका वर्षाअखेर नेहमीच्या स्टेरॉइड अंतःक्षेपणापेक्षा श्रेष्ठ आढळल्या नाहीत. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मान्यताप्राप्त चाचणीखेरीज अशा विकारांवर मूलकोशिकांचा प्रयोग करणे अनुज्ञेय नव्हते. तरीही भारी शुल्क आकारून ‘गादी नव्याने तयार होईल’ असे आश्वासन देणारी केंद्रे आढळतात. वेदना काही काळ कमी होणे आणि उपास्थी पुन्हा निर्माण होणे या दोन गोष्टींत अशा जाहिराती फरक करीत नाहीत.

रुग्णाची निवड व पश्चात उपचार : शस्त्रक्रियेपूर्वी चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमा घेऊन खड्ड्याचा आकार व खोली ठरवितात. पाय वाकडा असल्यास किंवा बंध तुटलेला असल्यास तो दोष आधी अथवा त्याच वेळी दूर करावा लागतो, अन्यथा नवे ऊतक चिरडले जाते. सूक्ष्मभंगानंतर भार वाहणाऱ्या भागातील खड्ड्यासाठी सहा ते आठ आठवडे कुबड्या वापराव्या लागतात. त्याच काळात गुडघा मात्र रोज हलता ठेवावा लागतो, कारण रक्ताच्या गाठीतून उपास्थीकडे झुकणारे ऊतक बनण्यास हालचाल आवश्यक असते. धावणे व उड्या मारणे बहुधा सहा महिने ते वर्षभर वर्ज्य असते. कोशिकारोपणानंतर ही मुदत आणखी वाढते. मांडीवर घालून बसणे व उकिडवे बसणे यांत गुडघ्याची खोल घडी पडून वाटीमागे मोठा दाब येतो. म्हणून खड्डा त्या भागात असल्यास या सवयी दीर्घकाळ टाळण्यास सांगतात.