नाणं घासू नका, अल्बम बदला

आजोबांची नाणी प्लास्टिकच्या अल्बममध्ये लावली आणि दोन-तीन पावसाळ्यांत तांब्याच्या पैशांवर हिरवट, चिकट थर आला. तो कशाने घासावा, असं नाशिकच्या एका वाचकाने विचारलं आहे. घासूच नका. आधी अल्बम बदला.

मऊ, उग्र वासाची पारदर्शक पानं बहुधा पीव्हीसीची असतात. पीव्हीसी मुळात कडक. ते मऊ व्हावं म्हणून त्यात तेलकट प्लॅस्टिसायझर घालतात. ते हळूहळू पाझरून नाण्यावर उतरतात. शिवाय पीव्हीसीचं विघटन सुरू झालं की हायड्रोजन क्लोराइड सुटतो आणि पावसाळी दमटपणात त्याचं आम्ल बनतं. नुसता चिकट थर शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून, न घासता निघतो (खिडक्या उघड्या ठेवा, आगीपासून लांब!). नेलपॉलिश काढायचं द्रव मात्र वापरू नका, त्यात इतर द्रव्यं असतात.

फिकट हिरवी भुकटी झडत असेल, तर दुखणं जास्त गंभीर आहे. तांब्यातल्या क्लोराइडवर दमट हवा लागली की धातू खाल्ला जातो, आणि ते क्लोराइड पुन्हा पुढचा धातू पोखरायला तयार राहतं. वाळवीसारखं हे आतून चालतं. एकोणिसाव्या शतकात काहींना हा जंतूंचा संसर्ग वाटे. फ्रेडरिक राथगेन या रसायनशास्त्रज्ञाचं नाव इथे आदराने घ्यायला हवं. उत्खननात निघालेल्या वस्तू संग्रहालयात येऊन झडू लागल्या, म्हणून बर्लिनच्या राजसंग्रहालयांनी 1888 मध्ये त्याला प्रयोगशाळा काढून दिली. शोधणाऱ्यांचे पुतळे उभे राहतात. शोधलेलं टिकवणारा राथगेन मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांत सापडत नाही.

पेटी निर्धोक आहे का, हे तपासायची माझी सर्वांत आवडती युक्ती ब्रिटिश म्युझियमच्या अँड्र्यू ऑडी यांची, 1973 ची. पेटीच्या लाकडाचा, कापडाचा किंवा प्लास्टिकचा तुकडा थोड्या पाण्यासह बंद नळीत घालायचा, सोबत चांदी, तांबं आणि शिसं यांचे पत्रे ठेवायचे आणि नळी 60 अंशांवर 28 दिवस तापवायची. चांदी काळवंडली तर गंधक, शिशावर पांढरं आलं तर लाकडाची सेंद्रिय आम्लं, असा संशय घ्यायचा. गंमत म्हणजे सातवाहनांनी या तिन्ही धातूंची नाणी पाडली. त्यांचं शिशाचं नाणं ओकच्या कपाटात ठेवलं, तर ते पांढरी भुकटी होऊ शकतं.

आता घासण्याबद्दल. 1906 मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभीला चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. नाणी क्षत्रप नहपानाची. पण सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाला हरवून आपला ठसा पुन्हा मारलेला. अशा नाण्याकडे तिरप्या उजेडात पाहिलं, तर तीन कमानींच्या टेकडीच्या चिन्हाखालून नहपानाचं नाक, केसांची रेघ, एखादं ग्रीक अक्षर डोकावतं. एका राजाचा पाडाव दुसऱ्याच्या ठशाखाली असा दिसतो! ही उठावाची रेघ केसाएवढी बारीक असते. चिंच, राख किंवा पितांबरी लावून नाणं लख्ख केलं, की आधी तीच जाते. चांदीवरचा काळा थर म्हणजे सल्फाइड. पातळ असेल तर तो राहू द्यावा.

ठेवायला पॉलिस्टरची पाकिटं किंवा आम्लमुक्त कागद घ्या. रबरबँड आणि लोकर लांब ठेवा, दोन्हींत गंधक असतं. डब्यात सिलिका जेल घाला आणि पावसाळ्यात ते वरचेवर बदला. नाणं कडेने धरा, कारण घामातही क्लोराइड असतं.

भुकटी झडणारं नाणं आधी वेगळं काढा, त्याचा फोटो आणि वजन नोंदवा आणि जाणकाराला दाखवा. आपल्या अंजनेरीला डॉ. परमेश्वरीलाल गुप्त यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. तिथलं नाण्यांचं संग्रहालय नाशिककरांनी एकदा तरी पाहावंच.