माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील भरती संस्था

माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील भरती संस्था म्हणजे संगणकविषयक कामांसाठी मनुष्यबळ हवे असलेल्या कंपन्या आणि नोकरीच्या शोधात असलेले उमेदवार यांची गाठ घालून देणाऱ्या खासगी मध्यस्थ संस्था होत. बोलण्यात त्यांना ‘प्लेसमेंट एजन्सी’ किंवा नुसते ‘कन्सल्टन्सी’ असे म्हटले जाते. भारतात बंगळूर, हैदराबाद, चेन्नई, पुणे, मुंबई आणि दिल्ली परिसर ही त्यांच्या कामाची प्रमुख केंद्रे आहेत. या व्यवसायाच्या रूढ पद्धतीनुसार संस्थेला मोबदला कंपनी देते, उमेदवार नव्हे. भरती संस्थांचे बहुतेक वर्तन आणि त्यांच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीची ओळख या एका गोष्टीवरून पटते.

पार्श्वभूमी

स्वातंत्र्योत्तर काळात नोकरी शोधणाऱ्यांची नोंदणी प्रामुख्याने शासकीय सेवायोजन कार्यालयांत होत असे. रिक्त पदे या कार्यालयांना कळवणे १९५९ च्या सेवायोजन कार्यालयविषयक कायद्याने अनेक आस्थापनांवर बंधनकारक करण्यात आले. १९९० च्या दशकात सॉफ्टवेअर निर्यात वाढली, विशिष्ट संगणकीय भाषा व प्रणाली जाणणाऱ्यांची मागणी वेगाने वाढली आणि ती पुरवण्यासाठी खासगी भरती संस्था पुढे आल्या. १९९७ मध्ये नोकरी डॉट कॉम हे संकेतस्थळ सुरू झाले. अशा संकेतस्थळांमुळे उमेदवारांचे बायोडेटा मोठ्या संख्येने एकाच ठिकाणी उपलब्ध झाले आणि थोड्या भांडवलात भरती संस्था चालवणे शक्य झाले.

त्याच काळात भारतीय अभियंत्यांना परदेशी कंपन्यांच्या कामावर तात्पुरते पाठवणारे मध्यस्थही वाढले. या पद्धतीला ‘बॉडी शॉपिंग’ असे म्हणतात. मानववंशशास्त्रज्ञ श्यांग ब्याओ यांनी ‘ग्लोबल बॉडी शॉपिंग’ (२००७) या ग्रंथात हैदराबाद व सिडनी येथील निरीक्षणांच्या आधारे तिचा अभ्यास केला आहे.

प्रकार

कायम नेमणुकीसाठी उमेदवार सुचवणारी संस्था कंपनीला बायोडेटा पुरवते, मुलाखती जुळवून आणते आणि उमेदवार रुजू झाल्यावर बाजूला होते. नोकरीचा करार उमेदवार आणि कंपनी यांच्यातच होतो.

कंत्राटी मनुष्यबळ पुरवणारी संस्था स्वतःच उमेदवाराची नियोक्ता असते. उमेदवार काम एका कंपनीत करतो, परंतु त्याचे नियुक्तिपत्र, वेतन आणि भविष्य निर्वाह निधीची वर्गणी संस्थेकडून येते. काही कंत्राटांत ठरावीक महिन्यांनंतर कंपनीने उमेदवाराला कायम करून घेण्याची शक्यता नमूद केलेली असते. ती शक्यता असते, हमी नव्हे.

वरिष्ठ पदांसाठी योग्य व्यक्ती हुडकून काढणाऱ्या संस्था हा तिसरा प्रकार होय. त्या बहुधा आधीच नोकरीत असलेल्या व्यक्तींशी संपर्क साधतात.

मोबदल्याची पद्धत

कायम नेमणुकीत संस्थेचा मोबदला उमेदवाराच्या वार्षिक वेतनाच्या टक्केवारीत ठरतो. ८.३३ टक्के, म्हणजे सुमारे एका महिन्याचे वेतन, हा भारतातील एक प्रचलित दर आहे. वार्षिक १२ लाख रुपयांच्या पदासाठी ही रक्कम सुमारे १ लाख रुपये होते. उमेदवार ठरावीक मुदतीत, अनेकदा ९० दिवसांत, नोकरी सोडून गेल्यास संस्थेला बदली उमेदवार द्यावा लागतो किंवा रक्कम परत करावी लागते.

वेतन वाढल्यास संस्थेचाही फायदा होतो, हे खरे असले तरी तो फायदा मर्यादित असतो. वरील उदाहरणात उमेदवाराने १२ ऐवजी १३ लाख रुपये मिळवले, तर त्याला दरवर्षी १ लाख रुपये अधिक मिळतील. संस्थेला मात्र एकदाच सुमारे ८,३३० रुपये अधिक मिळतील. बोलणी फिसकटल्यास तिचे जवळजवळ १ लाख रुपये बुडतील. त्यामुळे मिळालेला प्रस्ताव लवकर स्वीकारावा, असा आग्रह संस्थेचे प्रतिनिधी धरतात. त्यात लबाडी असतेच असे नाही, परंतु संस्थेचे हित आणि उमेदवाराचे हित एका मर्यादेपर्यंतच जुळते.

उमेदवाराशी होणारा व्यवहार

बायोडेटा कोणत्या कंपनीकडे आणि कोणत्या पदासाठी पाठवला जाणार आहे, हे उमेदवाराला आधी माहीत असणे महत्त्वाचे असते. एकाच पदासाठी दोन संस्थांनी एकाच उमेदवाराचे नाव पाठवल्यास मोबदला कोणाचा, असा वाद उद्भवतो. अनेक कंपन्या पहिल्या संस्थेचा दावा मान्य करतात, तर काही कंपन्या वाद टाळण्यासाठी त्या उमेदवाराचा विचारच करत नाहीत. उमेदवाराने स्वतः अर्ज केला असेल किंवा कंपनीतील परिचिताने त्याचे नाव सुचवले असेल, तरीही हाच प्रश्न निर्माण होतो. म्हणून प्रत्येक पदासाठी लेखी संमती देणे आणि कोणत्या संस्थेमार्फत कोठे अर्ज गेला याची नोंद ठेवणे उपयुक्त ठरते. व्यक्तीची माहिती तिच्या संमतीने आणि सांगितलेल्या कारणासाठीच वापरावी, हे तत्त्व डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्येही मांडलेले आहे.

प्रस्तावात सांगितले जाणारे ‘सीटीसी’ म्हणजे हाती येणारे वेतन नव्हे. त्यात नियोक्त्याची भविष्य निर्वाह निधीतील वर्गणी, उपदानासाठीची तरतूद आणि कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम यांचा समावेश असू शकतो. दोन प्रस्तावांची तुलना करताना दरमहा मिळणाऱ्या निश्चित रकमेचा विचार करावा लागतो.

सध्याची नोकरी सोडण्याची पूर्वसूचना अनेक कंपन्यांत ९० दिवसांपर्यंत द्यावी लागते. नव्या जागी लवकर रुजू होता यावे म्हणून तोंडी आश्वासनावर राजीनामा देण्याचा सल्ला काही वेळा दिला जातो. नवी कंपनी मागे हटल्यास त्याचा भार एकट्या उमेदवारावर पडतो. त्यामुळे कंपनीच्या अधिकृत ईमेल पत्त्यावरून लेखी प्रस्ताव आल्याशिवाय राजीनामा न देणे सुरक्षित मानले जाते.

कंत्राटी नेमणुकीत काम संपल्यावर दुसरे काम मिळेपर्यंत वेतन चालू राहणार का, रजा किती आणि पूर्वसूचनेचा कालावधी किती, या बाबी नियुक्तिपत्रात स्पष्ट असाव्या लागतात. भविष्य निर्वाह निधीची वर्गणी नियमित जमा होते की नाही, हे सदस्याला आपल्या सार्वत्रिक खाते क्रमांकाच्या आधारे पासबुकात पाहता येते.

परदेशातील नोकऱ्या

परदेशातील नियोक्त्यांसाठी भारतात भरती करणाऱ्या संस्थेला उत्प्रवास अधिनियम, १९८३ नुसार नोंदणी करावी लागते. नोंदणीकृत संस्थांची यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. अशा संस्थेला उमेदवाराकडून सेवाशुल्क घेता येते, परंतु ते कमाल ३०,००० रुपये आणि त्यावरील वस्तू व सेवा कर इतकेच असू शकते. पारपत्र ही केंद्र शासनाची मालमत्ता असल्याने ते तारण म्हणून अडकवून ठेवण्याचा अधिकार संस्थेला नसतो.

अमेरिकेत एच-१बी व्हिसावर नेलेल्या कर्मचाऱ्याला काम उपलब्ध नसलेल्या काळातही ठरलेले वेतन देण्याचे बंधन नियोक्त्यावर असते. युनायटेड किंग्डममध्ये काम मिळवून देण्यासाठी उमेदवाराकडून शुल्क घेण्यास १९७३ च्या कायद्याने काही अपवाद वगळता मनाई केली आहे.

सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने माहिती तंत्रज्ञानाचे कौशल्य असलेल्या तरुणांना सावध करणारी सूचना प्रसिद्ध केली. थायलंडमध्ये डिजिटल विक्री व विपणनाच्या नोकरीचे आमिष दाखवून अनेकांना बेकायदा सीमा ओलांडून म्यानमारमध्ये नेण्यात आले होते. तेथे त्यांना बिकट परिस्थितीत डांबून ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपले जात होते.

फसवणुकीचे प्रकार

नोंदणी, प्रशिक्षण, लॅपटॉपची अनामत किंवा पार्श्वभूमी पडताळणी अशा कारणांनी मुलाखतीपूर्वी किंवा नियुक्तिपत्रापूर्वी पैसे मागणे, हा सर्वांत सामान्य प्रकार होय. नामांकित कंपनीच्या नावाशी मिळताजुळता ईमेल पत्ता वापरून बनावट नियुक्तिपत्र पाठवले जाते. कंपनीच्या मूळ संकेतस्थळावरील पत्त्यावर चौकशी केल्यास असा बनाव बहुधा उघड होतो.

दुसरा प्रकार बनावट अनुभव प्रमाणपत्रांचा आहे. येथे उमेदवार फसवणुकीचा बळी आणि सहभागी अशा दोन्ही भूमिकांत सापडतो. पैसे घेऊन अस्तित्वात नसलेल्या किंवा नाममात्र कंपनीतील अनुभव दाखवला जातो. पडताळणीत भविष्य निर्वाह निधीच्या नोंदी, वेतनचिठ्ठ्या आणि बँक खात्यातील व्यवहार तपासले गेल्यावर तो खोटा ठरतो. अशा उमेदवाराला रुजू झाल्यानंतरही कामावरून काढले जाऊ शकते.

तक्रार व कायदेशीर तरतुदी

नोकरीच्या आमिषाने केलेली फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली गुन्हा ठरते. संगणक किंवा दूरसंचार साधनाद्वारे तोतयेगिरी करून केलेल्या फसवणुकीला माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चे कलम ६६ड लागू होते. त्यात ३ वर्षांपर्यंत कारावास आणि १ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ऑनलाइन पैसे गेले असल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर किंवा केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. तक्रार जितकी लवकर होते, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत जाण्यापूर्वी गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते. संभाषणे, ईमेल, देयकाच्या पावत्या आणि नियुक्तिपत्राच्या प्रती पुरावा म्हणून उपयोगी पडतात.